नगरपालिकेच्या अंगणातला नमुना

मित्रांनो, माझ्याकडे पाहिलेत तर तुम्हाला कचऱ्याची एक जुनी ढकलगाडी दिसेल. दोन पिंपे, तीन चाके, एका कुशीला पोचा. तुम्ही नाकाला रुमाल लावून पुढे जाल, आणि त्यात तुमची चूक नाही. पण मी कचऱ्यासाठी जन्मले नव्हते. मी नमुना म्हणून जन्मले. नमुना म्हणजे नेमके काय, हे मला तेव्हा कळले नाही आणि आज तुम्हाला सांगायला बसले तरी माझा गोंधळ मिटलेला नाही. जसे घडले तसे सांगते.

आमचे गाव मुद्दनकट्टी, कर्नाटकातले. तिथे बसवण्णाच्या देवळामागे गिरिजा बडिगेर यांचे लोखंडकामाचे शेड आहे. शेड त्यांच्या सासऱ्यांनी, मल्लप्पांनी घातले. त्यांची नजर अधू झाली तेव्हा वेल्डिंगची कांडी सुनेच्या हातात आली. नवरा लॉरी घेऊन कधी केरळात, कधी कोलकात्याला. खिडक्यांच्या जाळ्या आणि कुंपणाची फाटके यांवर घर चाले. पुढे लोक तयार फाटके हुबळीहून आणू लागले आणि शेडमध्ये शांतता वाढली. मल्लप्पा दारात खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडे तोंड करून सुनेला ऐकू जाईल असे बोलत.

"सिमेंटवाला वीरेश पुन्हा येऊन गेला. शेड भाड्यानं मागतोय. उगादीच्या पाडव्यापर्यंत थांबतो म्हणाला."

"थांबू दे की मामा," गिरिजाअक्का म्हणत. "थांबायला भाडं लागत नाही."

तिथे नेहमी येणारी दुसरी व्यक्ती म्हणजे हुलिगेव्वा. नगरपालिकेत झाडूकाम करणारी, ठेंगणी, तोंडाने तिखट. तिच्या गाडीचे चाक सारखे निखळे. एकदा चाक बसवताना गिरिजाअक्कांनी पाहिले की त्या गाडीचा दांडा हुलिगेव्वाच्या छातीशी येतो आणि ढकलताना तिचे दोन्ही खांदे कानापर्यंत चढतात.

"हा दांडा कुणाच्या मापानं केलाय गं?"

"माझ्या तर नाही, अक्का. खांदा असा धरतो की कूस बदलायची तर नवऱ्याला हाक मारावी लागते. तो उठत नाही, ते वेगळं."

त्याच दिवशी हुलिगेव्वाने सांगितले की नगरपालिका नव्या गाड्या घेणार आहे. गिरिजाअक्कांनी तिला तिथेच उभे केले, कोपराशी नळी धरली आणि खडूने खूण केली. त्या खुणेपासून मी घडले. दांडा खाली, आणि पिंपे अशी की उचलून अलगद बाहेर काढता यावीत. मला हिरवा रंग लागला. मल्लप्पांनी माझ्या प्रत्येक जोडावरून बोटे फिरवली आणि म्हणाले, "बरे आहेत." त्यांच्या तोंडून एवढे कौतुक शेडमधल्या कुणी ऐकले नव्हते.

गिरिजाअक्का मला ढकलत थेट नगरपालिकेत घेऊन गेल्या. त्यांना वाटले, गाडी दाखवावी, आवडली की सगळ्या गाड्यांचे काम मिळेल. मलाही तसेच वाटले. तिथले मुख्य कारकून नागभूषण बाहेर आले. चष्मा कपाळावर, हातात चहाचा पेला. त्यांनी मला अंगणात एक फेरी मारून आणले.

"अक्का, गाडी छान आहे."

"मग घ्या की."

"छान आहे म्हणून घेता येत नाही."

"वाईट असती तर घेतली असती?"

"तीही नाही. आम्ही टेंडरमध्ये लिहिलेली गाडी घेतो. आधी टेंडर, मग दर, मग गाडी. तुम्ही उलट्या बाजूनं आलात."

मित्रांनो, तो माझा पहिला गोंधळ. मी समोर उभी होते, चालत होते, आणि तरीही माझी वेळ आलेली नव्हती.

नागभूषण माणूस वाकडा नव्हता. त्यांनी सगळे समजावले. दुकानाची नोंदणी हवी, कर भरल्याचे दाखले हवेत, अनामत भरायला हवी. दर संगणकावर बंद लखोट्यासारखा जातो आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांचे एकदम उघडतात. आणि सोबत एक नमुना द्यायचा. गिरिजाअक्का पुढचे कित्येक दिवस या खिडकीतून त्या खिडकीत गेल्या.

"गाडी विकायला निघालीस की लग्न जमवायला?" मल्लप्पांनी विचारले. "एवढे दाखले तर तुझ्या लग्नात लागले नाहीत."

टेंडर निघाले. गिरिजाअक्कांनी दर भरला आणि मी नगरपालिकेच्या अंगणात बदामाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिले. गळ्यात 'नमुना' लिहिलेला पुठ्ठा दोरीने बांधला होता. मग तपासणीचा दिवस आला. अभियंते प्रवीण हडपद हे नवे, तरुण गृहस्थ. त्यांनी फीत लावून माझा दांडा मोजला, पुन्हा मोजला.

"दांडा चार बोटं खाली आहे."

"मुद्दाम खाली आहे," गिरिजाअक्का म्हणाल्या.

"मुद्दाम असो की चुकून, लिहिल्याप्रमाणे नाही. मला घेता येणार नाही."

अशी मी नापास झाले. दर भरणारा दुसरा एकच जण होता, आणि त्याची अनामत वेळेत पोचली नव्हती, म्हणून तोही बाद. टेंडर रद्द झाले, पुन्हा काढायचे ठरले. आम्ही हरलो होतो, पण जिंकलेही कुणी नव्हते. मी बरेच दिवस हा हिशेब मनात लावत राहिले. लागला नाही.

दुसऱ्या टेंडरची वाट पाहत मी त्याच झाडाखाली राहिले. ते दिवस वाईट होते. पहारेकरी माझ्या दांड्यावर लुंगी वाळत घाली. कामासाठी आलेले लोक माझ्या पिंपांवर चहाचे पेले आणि हेल्मेटे ठेवत. कावळ्यांनी माझा रंग खराब केला. एकदा कुणीतरी माझ्यात केळ्याची साल टाकली. मला वाटले, झाले, सुरुवात झाली. पण पहारेकरी धावत आला, साल बाहेर काढली आणि त्या माणसावर खेकसला, "नमुन्यात कचरा टाकू नका." कचरागाडीत कचरा टाकायचा नाही. मी काय समजायचे?

एके दिवशी गिरिजाअक्का मला घरी न्यायला आल्या. त्यांचा धीर सुटला होता. व्हरांड्यात नागभूषण चहा पीत होते.

"अक्का, भांडायचं तर वेळेवर भांडा," ते म्हणाले. "दर भरायच्या आधी शंका विचारायची सभा असते. प्रत्येक टेंडरला ठेवतो. कुणी येत नाही. सगळ्यांचा चहा मागवतो आणि मी अन् शिपाई पितो."

"तिथं बोललेलं कुणी ऐकतं?"

"तिथंच ऐकतात. नंतर ऐकायची आम्हाला मुभाच नाही. पण एक करा. तुमची गाडी कशी चांगली ते सांगू नका. ते प्रत्येक विक्रेता सांगतो. आमचं काम काय आहे ते आम्हाला विचारा."

त्या सभेला गिरिजाअक्का हुलिगेव्वाला घेऊन गेल्या. ती ठेवणीतले हिरवे लुगडे नेसून आली होती आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसली. हुबळीचे बंकापूर म्हणून एक व्यापारीही आले होते, गोरे, हसतमुख, नगरपालिकांना माल पुरवण्यात मुरलेले. खोलीची खिडकी माझ्या झाडाकडे उघडते, म्हणून मला सगळे ऐकू आले.

"साहेब," गिरिजाअक्का म्हणाल्या, "गावात गाड्या ढकलणाऱ्या बायका जास्त की पुरुष?"

हडपदांनी नागभूषणांकडे पाहिले. "बायका," नागभूषण म्हणाले. "पुरुष दोन-चार, तेही ट्रॅक्टरवर."

"मग दांड्याचं माप कुणाचं?"

हडपदांनी टेंडरचे पान उलटून पाहिले. "खरं सांगू? मला माहीत नाही. जिल्ह्याच्या जुन्या टेंडरमधून घेतलं. त्यांनी कुठून घेतलं तेही माहीत नाही."

"म्हणजे माझा खांदा कुणामुळं गेला तेच कळायचं नाही," हुलिगेव्वा म्हणाली, आणि सगळे हसले. ती हसली नाही.

हडपद उठून खाली आले. "तुम्ही दोन्ही गाड्या ढकला. मी बघतो." हुलिगेव्वाने आधी तिची जुनी गाडी फाटकापर्यंत नेली, मग मला नेले. हडपद तिच्या बाजूने चालत होते, गाडीकडे नाही, तिच्या पाठीकडे पाहत. परत आल्यावर त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या. बंकापूर माझ्याभोवती फिरून मोबाईलवर माझे फोटो काढत होते. पुढून, मागून, खाली वाकून चाकांचेसुद्धा. एवढे माझ्याकडे आजवर कुणी पाहिले नव्हते. मला फार अभिमान वाटला.

दुसरे टेंडर निघाले, त्यात दांडा चार बोटे खाली आला होता आणि पिंपे उचलून काढता यायला हवी होती. म्हणजे टेंडरमध्ये आता मीच लिहिली गेले होते. गिरिजाअक्कांनी त्या दिवशी घरी चुरमुऱ्यांचे गिरमिट केले. मल्लप्पांनी दोनदा मागून घेतले.

मग दर उघडले. सर्वांत कमी दर बंकापुरांचा होता.

त्यांचा नमुना माझ्या शेजारी आणून ठेवला तेव्हा मला वाटले, कुणी आरसा ठेवला. तोच दांडा, तीच पिंपे, फक्त रंग निळा. तपासणीत त्याला काही उणे निघाले नाही. कसे निघणार? गिरिजाअक्का मला न्यायला आल्या तेव्हा बंकापूर अंगणातच होते.

"माझी गाडी जशीच्या तशी उतरवलीत," त्या म्हणाल्या.

"उतरवली," ते म्हणाले. "अक्का, राग धरू नका. माप टेंडरमध्ये आलं म्हणजे ते सगळ्यांचं झालं. मी लोखंड एकदम उचलतो, तुम्ही तुकड्यांनी आणता. दरात तुम्ही मला गाठणार नाही."

"मग आमच्यासारख्यांनी करायचं काय?"

"मला जे परवडत नाही ते करा. चाकं बदलायला, पिंपं ठोकायला मी हुबळीहून माणूस पाठवत बसू? दुरुस्ती मी धरलेलीच नाही. तिचं टेंडर वेगळं निघेल."

आता ऐका माझ्या गोंधळाचा कळस. नियम असा की जिंकलेल्याचा नमुना नगरपालिका ठेवून घेते, पुढे येणाऱ्या गाड्या त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी. हरलेल्याचा नमुना परत देतात. त्या निळ्या गाडीला कोठीत ढकलून बाहेरून कुलूप लावले. मला मात्र गिरिजाअक्का उन्हातून घरी घेऊन निघाल्या. आमच्यातले कोण जिंकले, हे मला तेव्हा कुणी सांगितले असते तर बरे झाले असते.

शेडसमोर सिमेंटवाला वीरेश फीत घेऊन भिंत मोजत होता. मल्लप्पा खुर्चीत होते. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही, आणि मला वाटते, गिरिजाअक्कांना तेच जास्त लागले.

"उगादीला अजून वेळ आहे," त्या वीरेशला म्हणाल्या. "तेव्हा मोजा."

दुरुस्तीच्या टेंडरची शंकासभा आली तेव्हा त्या पुन्हा गेल्या. मी शेडमध्ये होते, पण परत आल्यावर त्यांनी सासऱ्यांना सांगितले ते मी ऐकले. त्यांनी एवढेच विचारले होते, की मोडलेली गाडी किती वेळात परत हवी? हडपद म्हणाले, गाडी नसेल त्या दिवशी ती बाई कचरा टोपलीत भरून डोक्यावरून नेते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी हवी. आणि त्यांनी तशी अट घातली. मग हुबळीच्या कुणी दर भरलाच नाही. गावातली दोन दुकाने तेवढी त्या अटीत बसत होती, आणि दोघांत गिरिजाअक्कांचा दर कमी निघाला.

"म्हणजे गाड्या त्यानं करायच्या आणि डोकं तू खपवायचं," मल्लप्पा म्हणाले.

"हो मामा."

"बरं आहे," ते म्हणाले आणि वीरेशला निरोप पाठवला, की शेड मोकळे नाही.

तेव्हापासून त्या निळ्या गाड्या आमच्याकडे येतात. कुणाचे चाक, कुणाचा तळ. त्या माझ्या बहिणी की परक्या, हे मला ठरवता आलेले नाही. पहिल्यांदा हुलिगेव्वा तिची गाडी घेऊन आली तेव्हा म्हणाली, "अक्का, हिला माहेरी आणलीय."

"माझ्याकडं कुठं जन्मली ती?"

"जन्मू दे हुबळीत. रुसली की इकडंच येते ना? मग हेच माहेर."

गिरिजाअक्का हसल्या. बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिले. मग त्यांनी कोपऱ्यातून मला बाहेर ओढले आणि त्या दिवसापुरते हुलिगेव्वाच्या हाती दिले. त्या दिवशी माझ्यात पहिल्यांदा कचरा पडला. कांद्याची साले, केळीची पाने, लग्नघरच्या पत्रावळी. मला वास येऊ लागला आणि लाज वाटली नाही. हुलिगेव्वा दारोदार बोलत चालली होती, खांदे खाली सोडून. आजही एखादी निळी गाडी दुरुस्तीला आली की मी तिच्या जागी जाते.

पण त्याच पहिल्या दिवशी, पिंप रिकामे करताना, तिचा हात आत गेला आणि ती थांबली. कुणीतरी फुटलेल्या पेल्याच्या काचा भाज्यांच्या देठांखाली टाकल्या होत्या. तिने पदराची कड फाडून तळव्याला बांधली आणि डाव्या हाताने पुढची गल्ली झाडली.

पुढे आणखी एका टेंडरची शंकासभा झाली, तेव्हा गिरिजाअक्कांनी या काचांचाही प्रश्न विचारला. नागभूषण म्हणाले, "अक्का, दांड्याची उंची लिहिता येते, चाकाचं लोखंड लिहिता येतं. लोकांनी काच कशी टाकावी, ते कुठल्या टेंडरमध्ये लिहू?"

मित्रांनो, मला टेंडर समजत नाही, ते तुम्ही पाहिलेच. पण एवढे कराल? काच फुटली तर जुन्या कागदात गुंडाळा, वर दोरा बांधा, आणि गाडी दारात आली की ती पुडी वेगळी हातात द्या. त्या हातावर अजून व्रण आहे.