तळव्यांचा रंग

वूकित्साने हात पुढे केला तो पालथा. फाटकाशी उभ्या असलेल्या मिलुंकाकाकूंनी तो दोन्ही हातांत घेतला. "घराचा सण सुखाचा जावो, पोरी," असं म्हणता म्हणताच त्या तो हलकेच उलटा करून नोव्हेंबरच्या फिक्या उन्हात धरायला गेल्या. वूकित्साने बोटं मिटून घेतली.

"हात गारठलेत, काकू."

"का? बेलग्रेडला हातमोजे मिळत नाहीत?"

"बसमध्ये विसरले."

हातमोजे तिच्या कोटाच्या खिशात होते. दुसऱ्या हातात सोललेल्या अक्रोडांची पिशवी होती. ती तिने उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

नदीकाठच्या या गावात हात असाच घेतात. सोयरीक जुळवताना, बारशाला, सणाच्या दिवशी दारात, तळवा जरा उजेडाकडे वळतो आणि पाहणाऱ्याची नजर क्षणभर खाली जाते. तळव्यावर तांब्याची झाक दिसली तर कोणी काही बोलत नाही. कॉफी संपवून माणसं उठतात. पुढचं सगळ्यांना ठाऊक असतं. आधी थकवा, मग चेहऱ्यावरचा पांढुरकेपणा, मग दोन्ही मूत्रपिंडं आतल्या आत धुमसत सुकून सुपारीएवढी होणं. ताप नाही, कळ नाही. आणि हे काही घरांतच. कुंपणाच्या अलीकडे वूकित्साचे आजोबा, चुलते आणि वडील साठीही न गाठता गेले. पलीकडे मिलुंकाकाकू ऐंशीच्या घरात आल्या होत्या आणि अजून स्वतः कोबी खारवत होत्या.

अंगणात दगडांनी भरलेली विहीर होती. चुलते गेले तेव्हा ती बुजवली. त्यानंतर वूकित्साच्या वडिलांनी आयुष्यभर मिलुंकाकाकूंच्या विहिरीचं पाणी प्यायलं, आणि त्यांनाही तेच झालं.

स्वयंपाकघरात आई, क्रुनिया, टेबलावर गहू निवडत बसली होती. सणाच्या झितोचे, म्हणजे गोड प्रसादाचे, गहू भल्या पहाटेच शिजले होते. हे परसात वाफे करायला ठेवलेलं बियाणं होतं, पण सवयीने तेही निवडलं जात होतं. तिचे हात मनगटापर्यंत गडद तपकिरी होते. दर वर्षी या दिवसांत असतात तसेच, अक्रोडाच्या हिरव्या साली सोलून सोलून डागाळलेले. ते हात वूकित्साला लहानपणापासून माहीत होते. सणाचा वास आणि सणाचे हात.

"आलीस? अक्रोड आण इकडे, वाटून झितोवर घालायचेत. पाद्री यायची वेळ झाली."

टेबलाच्या कोपऱ्यात निवडणाचा छोटा ढीग होता. खडे, काळे दाणे आणि काही चपट्या तिकोनी बिया. वूकित्साने त्यातली एक उचलली. बांधावर, शेतात, सगळीकडे उगवणाऱ्या त्या वेलीसारख्या तणाला इथे लांडग्याचं सफरचंद म्हणतात. कापणीत ते गव्हाबरोबर येतं, मळणीत त्याच्या बिया गव्हात मिसळतात, आणि गिरणीला दोन्हींतला फरक कळत नाही. मागच्या वर्षी तिने हे घरी सांगितलं होतं. जितकं साधं करून सांगता येईल तितकं साधं करून. विष पावात होतं, आई, पाण्यात नव्हतं. आईने सगळं ऐकून घेतलं, टेबलावरचा पाव उचलून कपाटात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुकानातला पाव आणू लागली. त्यावर ती आजवर एक शब्दही बोलली नव्हती.

वूकित्साला मात्र एक जुनी गोष्ट आठवत राहायची. लहान असताना ती याच टेबलाशी उभी होती आणि आई असाच एकेक दाणा निवडत होती. "आपल्या पावाचे गहू का नाही गं निवडत?" तिने विचारलं होतं.

"हे मेलेल्यांच्या नावाने असतात, पोरी. त्यांना स्वच्छच लागतात," आई म्हणाली होती. "जिवंत माणूस काय, पचवतो."

काहीजण पचवतात, हे खरं होतं. एकाच टेबलावर, एकाच पावाचे तुकडे खाऊन तिच्या भावाची, ओब्रादची, मूत्रपिंडं गेली आणि तिची राहिली. कोणाचं शरीर ते विष बाहेर टाकतं आणि कोणाच्या शरीरात ते घर करतं, याचा काही भाग रक्तात लिहिलेला असावा. कुठे लिहिलेला, तेच तिची प्रयोगशाळा शोधत होती. उन्हाळ्यात एका संध्याकाळी सगळे गेल्यावर तिने स्वतःचं रक्त तपासून पाहिलं. ज्या खुणा आजवर सापडल्या होत्या, त्यांपैकी एकही तिच्यात नव्हती. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता.

तो प्रश्न शहरातल्या इस्पितळात विचारला गेला तेव्हा ती तिथेच बसलेली होती. ओब्रादला किडनी कोण देणार? वडिलांच्या रक्ताबाहेरचं कोणी आहे का? आईने लगेच हात वर केला होता. "मी वरच्या डोंगरातली. आमच्याकडे हे दुखणं कोणी ऐकलेलंही नाही." वूकित्साने तेव्हा आपल्या बुटांकडे पाहिलं होतं. सोमवारी आईच्या शेवटच्या तपासण्या होत्या.

पाद्री आले, मेणबत्ती पेटली. घरचा कर्ता म्हणून ओब्रादने पाद्रींसोबत सणाचा गोल पाव हातात धरून फिरवला, त्यावर लाल वाइन ओतली, आणि दोघांनी मिळून तो मोडला. पाव दुकानातल्या पिठाचा होता. ओब्रादची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. शर्टाच्या बाहीखाली, डायलिसिसची सुई जिथे जाते तिथे, शीर दोरखंडासारखी फुगली होती.

पाद्री पुढच्या घरी गेले आणि शेजारपाजारचे आत आले. प्रत्येकाने दारातल्या ताटातून चमचाभर झितो घेतला, घराच्या संताचं नाव घेतलं, मेलेल्यांची नावं घेतली. या घरात नावं घ्यायला वेळ लागायचा.

"कर्त्याने प्यायला हवी!" कोणीतरी ओरडलं.

ओब्रादने ग्लास उचलून नुसते ओठ ओले केले. "दिवसाला एवढंच पाणी, एवढीच दारू. सरकारी बंदोबस्त आहे बाबांनो, माझ्या मूत्रपिंडांना पेन्शन लागलीय."

"सोमवारनंतर पिशील," मिलुंकाकाकू म्हणाल्या. "क्रुनिया आहे ना. डोंगरातलं रक्त. बघा तिचे हात, या वयातही अक्रोड सोलून सोलून काळे केलेत. आमच्या सुनेला सांगितलं तर म्हणते, नखं खराब होतात."

आईने हात एप्रनखाली घेतले. "होतं ते करते."

"कसले अक्रोड, काकू?" ओब्राद हसला. "एप्रिलमधल्या थंडीने सगळा मोहर जाळला. या वर्षी आमच्या झाडावर खारीपुरतासुद्धा अक्रोड नव्हता. हे वूकित्साने राजधानीतून आणलेत. सोललेले, पाकीटबंद, तुमच्या सुनेच्या लायकीचे."

सगळे हसले. वूकित्साचा चमचा तोंडाशी थांबला.

तिने चमचा खाली ठेवला आणि "पाणी आणते" म्हणून ती मागच्या धुण्याच्या खोलीत गेली. तिथे अंधुक होतं, साबणाचा आणि आणखी कशाचा तरी कडवट वास होता. खिडकीखालच्या फळीवर लोणच्याची रिकामी बरणी होती, तिच्यावर बशी झाकलेली. तिने बशी उचलली. आत काळंभोर पाणी, आणि त्यात मागच्या वर्षीच्या सुकलेल्या साली फुगून तरंगत होत्या. शेजारी एक फडकं, त्यावर बोटांचे डाग. रंग हातांना नीट चोळून लावल्याचे होते ते. तळव्यावर, बोटांच्या पेरांत, अंगठ्याच्या मुळाशी.

दार वाजलं नव्हतं, तरी आई मागे उभी होती.

"बशी ठेव वर. वास सुटतो."

वूकित्साने बशी ठेवली. "तळव्यावर कधीपासून दिसतंय?"

"उन्हाळ्यापासून असेल." आई खिडकीबाहेर, दगडांनी भरलेल्या विहिरीकडे पाहत होती. "आधी वाटलं, उन्हाने झालं."

"आई, डॉक्टर हात बघत नाहीत. रक्त बघतात. त्यांना सोमवारी कळेलच."

"रक्त डोंगरातलंच आहे." हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की क्षणभर वूकित्सालाही ते पटल्यासारखं झालं. मग आईचा आवाज खाली आला. "पाव मीच भाजला ना गं. ओब्रादला जास्त देत होते, ताकद येईल म्हणून. मधला तुकडा."

वूकित्साला काही म्हणायचं होतं. कुठल्या खुणा, कुठलं प्रमाण, किती वर्षं, कोणाला काय माहीत होतं. तिने आईचा हात हातात घेतला. तो थंड होता, आणि ओल्या लाकडासारखा वास येत होता. आईने हात सोडवून घेतला.

"बाहेर माणसं आहेत. चल."

त्या बाहेर आल्या तेव्हा निम्मे पाहुणे निघाले होते. खिडकीबाहेर नदीवरून धुकं चढत होतं, खोलीत मेणबत्तीचाच काय तो उजेड. वूकित्साच्या लक्षात आलं की आपण आपल्याच हाताकडे बघायचं टाळतोय. यंत्राने सांगितलं होतं, खूण नाही. पण डोंगरातल्या माणसालाही होत नाही, असंच सगळे सांगत होते.

मिलुंकाकाकू शाल गुंडाळून उठल्या आणि निरोपासाठी त्यांनी हात पुढे केला. कर्त्याने सणाच्या शेवटी मेणबत्ती वाइनच्या थेंबाने विझवायची असते. ओब्राद ग्लास हातात घेऊन उभा होता.

"ओब्राद," वूकित्सा म्हणाली, "सोमवारी मीही येतेय. तपासणीला. आईच्या जागी."

ओब्रादने मान वळवली. आई टेबलावरचं निवडण गोळा करत होती. तिचे हात थांबले.

"तू?" मिलुंकाकाकू म्हणाल्या. "तू तर याच घरची."

"हो."

ओब्रादने ग्लास वातीवर तिरपा केला.

"थांब, विझवू नकोस," ती म्हणाली. "काकूंना जरा उजेड लागेल."

आणि तिने हात पुढे केला, उताणा, बोटं पसरून, ज्योतीच्या अगदी जवळ. स्वतः तिकडे न बघता. मिलुंकाकाकू वाकल्या.