बेचक्यावरचा जोर

वर्गाला बलयुग्म, म्हणजे वस्तू फिरवणारा दोन उलट बलांचा जोडा, शिकवताना मी फळ्यावर पाण्याचा नळ काढत नाही. आमच्या नमद्याच्या, म्हणजे थापलेल्या लोकरीच्या, गोल घराच्या माथ्यावर असतं ते लाकडी कडं काढते, आणि त्याखाली बेचक्याचा खांब धरून उभा एक म्हातारा. पोरं विचारतात, हा कोण? मी सांगते, माझे सासरे. नाव सांगत नाही. किरगीझ सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. बाकी पुष्कळ रीती मी मोडल्या आहेत, ही मात्र पाळते, कारण तो माणूस मला मनापासून आवडतो. लग्नानंतर सासूबाईंनी माझी पुस्तकं पेटीत कुलूपबंद केली, तेव्हा किल्ली मागून घेणारे तेच होते. मी त्यांना अताके म्हणते, म्हणजे बाबा.

दर जूनमध्ये आम्ही नारीन गावाहून वर डोंगरातल्या कुरणावर जातो. जाळीच्या भिंती गोल बांधून झाल्या की घरातला कर्ता पुरुष ते कडं, म्हणजे तुंदुक, बेचक्यावर घेऊन डोक्यावर उचलून धरतो. बाकीचे भोवतीनं वासे बसवतात, एक टोक कड्याच्या भोकात, दुसरं भिंतीच्या शेंड्याला बांधलेलं. चाळीस वर्षं हे काम अताकेंचं. एका हिवाळ्यात मात्र ते घोड्यावरून पडले आणि डावा खांदा कामातून गेला. वसंतात सगळ्यांसमोर त्यांनी जाहीर केलं, की ज्या वर्षी तुंदुक पेलवणार नाही, त्या वर्षापासून ते उन्हाळाभर खाली गावात राहतील. उन्हाळ्यात गावात राहिलेले म्हातारे आम्ही पाहिले आहेत. दुकानासमोरच्या बाकावर बसतात आणि दोन हिवाळेही काढत नाहीत. मला भीती वाटली, हे कबूल करते.

त्या जूनमध्ये कुरणावर पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घर उभारायला घेतलं. माझा नवरा तिलेक दारापाशी, दीर त्याच्या बरोबर समोर, पाहुण्यांच्या मानाच्या जागेपाशी. दिराचंही नाव घ्यायचं नाही, म्हणून मी त्याला पैलवान म्हणते. कुस्त्या खेळतो, आणि डोकंही त्याच बेताचं आहे. कोण जास्त वासे बसवतो यावरून दोघांची चढाओढ लागली. त्या घाईत तिलेकनं दाराजवळचा एक शेंडा सोडून पुढच्याला पहिला वासा बांधला, आणि मग सगळेच वासे एकेक शेंडा पुढे बांधले गेले.

तिरके वासे मधे रेटत नाहीत, कड्याला पीळ देतात. मी सासूबाईंबरोबर बाहेर नमदे उलगडत होते. जाळीतून पाहिलं तर कडं बेचक्यावर फिरायला लागलं होतं आणि अताके खांब नुसत्या डाव्या खांद्याला टेकवून त्याला अडवत होते. त्यांचा डावा हात खांबावरून खाली घसरला होता.

"बायकांच्या बाजूला ढकल," तिलेक ओरडला.

घरात आम्ही डावं-उजवं म्हणत नाही. माणूस वळला की ते बदलतं. दारातून आत येताना एका अंगाला भांड्यांची ती बायकांची बाजू, दुसऱ्या अंगाला खोगिरांची ती पुरुषांची, या कुठे जात नाहीत. सोय चांगली आहे, पण त्या दिवशी तिनं घात केला. हातातल्या जादा वाशांनी दोघांनीही कडं बायकांच्या बाजूला ढकललं. ते वळलं नाहीच. उलट सगळंच्या सगळं त्या बाजूला सरकलं, आणि त्याच्यामागे अताकेही दोन पावलं फरफटले.

"आणखी जोर लाव," पैलवान म्हणाला.

मी नमदा टाकला. तुंदुक उभं राहीपर्यंत सुनेनं आत जायचं नसतं. सासूबाईंनी माझा झगा धरला, तो सोडवून मी उंबऱ्याच्या आत गेले.

"थांबा दोघं. तिलेक, तू बायकांच्या बाजूलाच ढकल. पैलवान, तुम्ही पुरुषांच्या बाजूला. एकदम."

"वहिनी, एक इकडे, एक तिकडे? कडं चिरेल की."

"तुम्ही समोरासमोर उभे आहात. दोघं एकाच अंगाला ढकलाल तर ते फिरेल कशाला? सरकेल. सरकलंच ना?"

"तुंदुकाखाली उभी राहून सून शिकवते," सासूबाई बाहेरून म्हणाल्या. "एवढंच बघायचं राहिलं होतं."

अताकेंनी वरची नजर काढली नाही. "मास्तरीण सांगते तसं करा. आणि लवकर करा."

दोघांनी रेटा दिला. कडं कुरकुरत वीतभर फिरलं आणि सगळे वासे सरळ झाले. भार भिंतींवर आला. उरलेले वासे बसल्यावर अताकेंनी बेचकं काढून घेतलं. घर उभं राहिलं.

चहाच्या वेळी सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. अताके मला घोड्यांपाशी घेऊन गेले.

"मी धरलं नव्हतं, मुली," ते म्हणाले. "तू फिरवलंस. पुढच्या वर्षी मी गावात राहीन."

मला राग आला. मी कोणाला फुकट गुण देत नाही, मुख्याध्यापकांच्या पुतण्यालाही नापास केलंय. काठीनं मातीत एक गोल काढला.

"पैलवान बैलासारखा ढकलतो. आणि तुमचा थोरला?"

"तो पीठ चाळल्यासारखं."

"म्हणजे दोघांचा जोर सारखा नव्हता. मग पैलवानाचा जास्तीचा जोर गेला कुठे? कडं त्याच्या अंगाला का सरकलं नाही?"

अताके गोलाकडे बघत राहिले. उजवा हात हळूहळू डाव्या खांद्यावर गेला.

"इथं आला," ते म्हणाले.

"तुम्ही मधे नसता तर ते वळलं नसतं, त्या दोघांच्या डोक्यात पडलं असतं. आता सांगा, धरलं कोणी?"

त्यांनी घोडीच्या मानेवर थोपटलं आणि चहाला परत गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये, रस्त्यावरचा बर्फ अजून पुरता गेला नव्हता, तेव्हा माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेर एक घोडा येऊन थांबला. अताकेंनी वरूनच विचारलं, सुट्टी कधी लागते. मी तारीख सांगितली.

"मग त्याच्या दुसऱ्या दिवशी वर निघू," ते म्हणाले. "मी मधे उभा राहीन. त्या दोघांना कुठे ढकलायचं ते तू सांग."