खोक्यावरचा एक किलोमीटर

मी बोलतोय, गच्चीच्या दाराशी खिळ्याला टांगलेला सर्चलाइट. चार्जिंगचा, हातात धरायचा आणि खरं सांगायचं तर स्वस्तातला. माझ्या खोक्यावर 'उजेड एक किलोमीटर' असं छापलं होतं. छापताना मला कुणी विचारलं नव्हतं.

दुकानात लोक आम्हाला भर दुपारी पारखतात. कुणी तळहातावर उजेड पाडतो, कुणी छताकडे धरतो, तर कुणी आपल्याच डोळ्यांत मारून घेतो आणि "पॉवर आहे हां!" म्हणतो. मला घेणाऱ्या बाईंनी मात्र एकच विचारलं, "बंदराच्या तोंडापर्यंत पोचेल का?"

दुकानदाराने मला त्यांच्या हातात ठेवलं. "ताई, वजन बघा नुसतं! तिथले लोक डोळे झाकून घेतील."

बाईंचे यजमान गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला आहेत. बोट बंदराच्या तोंडाशी उभी असते. गच्चीवरून तिचे दिवे दिसतात, पण काम संपेपर्यंत माणसांना खाली उतरता येत नाही. म्हणून दोघांचं ठरलं, दिवेलागणीला बाईंनी तीनदा उजेड मारायचा.

पहिल्याच संध्याकाळी फोन आला. "दिसला गं! लख्ख दिसला!"

मला तर आभाळ ठेंगणं झालं. बाई आनंदाने एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की सासूबाई खालून ओरडल्या, "अगं, तुझा आवाजच पोचतोय तिथवर, लाइट कशाला हवाय?"

मग एका रविवारी धाकटे दीर आले. ते वायरमन. त्यांनी मला कानाशी धरून हलवलं, स्क्रू काढले आणि कपाळावर हात मारला. "वहिनी, आत एकच सेल आहे. आणि हा बघा, वजनासाठी लोखंडाचा तुकडा! समोरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत गेला तरी खूप झालं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण भावजी, ह्यांना दिसतो की," बाई म्हणाल्या. दिरांनी स्क्रू परत पिळले.

पुढे एकदा माझी चार्जिंगची पिन सैल झाली. हिरवा दिवा लागायचा, पण आत काहीच जात नव्हतं. संध्याकाळी बाईंनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, मला तळहातावर आपटून पाहिलं. मी ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला.

"दिसला गं! आज तर नेहमीपेक्षा लख्ख!"

बाईंनी माझ्या काळ्या काचेकडे बघितलं. "हो का?" त्या म्हणाल्या. "आज चार्जिंग फुल्ल केलं होतं ना."

फोन ठेवून त्या कितीतरी वेळ कठड्याला टेकून बोटीच्या दिव्यांकडे बघत राहिल्या. खालून सासूबाईंनी विचारलं, "दिसलं का गं त्याला?"

"दिसलं," बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले.

दिरांनी पिन दुरुस्त केली. बाई अजूनही रोज गच्चीवर येतात, नेम धरतात, तीनदा बटण दाबतात. माझा उजेड टाकीपर्यंत जातो आणि तिथेच संपतो. एकदा तरी त्या बोटीपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं हो. जिवाचा आटापिटा करतो, पण सेल एकच.

म्हणून बोटीवरच्या त्या माणसाला माझं सांगणं आहे. तुम्ही मला लख्ख म्हणालात, उपकार झाले. पण माझी खरी पारख करायची असेल तर काम संपवून घरी या. या गच्चीवर बाईंच्या समोर उभे राहा आणि माझा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पाडून बघा. तेवढ्या अंतरावर मी खोटा ठरणार नाही.