सत्तेचाळीस किलोचा नट

बसा, त्या उलट्या बादलीवर बसा, मोडत नाही ती. घरच्या गाडीसाठी नट खोलायचं मशीन घ्यायचंय म्हणता, इम्पॅक्ट रेंच? खिशाला परवडेल असं, पण कामाचं? मग दुकानात जायच्या आधी एका घड्याळजीची गोष्ट ऐका. मस्त गोष्ट आहे. ऐकलीत की काय घ्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तर हा घड्याळजी. चाळीसहून जास्त वर्षं डोळ्याला भिंग लावून खिडकीशी बसलेला. त्याचे हात म्हणजे काय सांगू तुम्हाला! तिळाएवढा स्क्रू चिमटीत धरायचा आणि असा अलगद बसवायचा की बघणारा आपला श्वास धरून उभा. पण त्या हातांचं एक दुखणं होतं. त्यांना हिसका चालत नसे. लग्नाआधी एकदा त्यानं मित्राच्या गाडीचं चाक काढलं, दातओठ खाऊन जोर लावला, तर पुढचे तीन दिवस बोटं अशी थरथरत होती की गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि हा भिंगामागून नुसता बघतोय. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला.

मग लग्न झालं, आणि लग्नापाठोपाठ एक जुनी छोटी गाडी आली. दुधात शाईचा थेंब पडावा तसा रंग. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती राहायची. पत्र्याला भोकं होती बारीक बारीक, त्यातून दुपारी उन्हाचे कवडसे पडायचे आणि गाडीच्या टपावरून असे सरकायचे, सावकाश, जणू कुणी नाणी मोजतंय आणि त्याला घाई नाहीये.

पहिल्यांदा चाक काढायची वेळ आली तेव्हा हा पाना नटाला लावून नुसता उभा. बायको दारात. म्हणाली, "काय हो, त्याला विनंती करताय का?"

"हात दुखेल गं. उद्या काम आहे."

"सरका बाजूला."

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि चढली की पान्यावर! एक हात गाडीच्या टपावर, दुसरा ह्याच्या डोक्यावर. आता नट काय लगेच ऐकत नाही. एक क्षण असा येतो की पाना अडलेला असतो आणि बाई हवेत. जमिनीपासून वीतभर वर. चढत नाही, उतरत नाही, नुसती आहे तिथं. कवडसे तिच्या अंगावरून चाललेत. आणि मग कुठंतरी आत खोल 'कर्र' होतं, आणि ती हळूहळू खाली येते, पाण्यात पीस उतरावं तशी.

बास. तिथून पुढं तोच रिवाज पडला. चाक काढताना ती चढणार, आणि परत बसवताना शेवटचं कसणंसुद्धा तिच्याच वजनानं. हा पाना लावून म्हणायचा, "ये गं," आणि ती यायची. चाळीस वर्षं.

आणि खरं सांगू? त्या दोघांच्या संसारातल्या सगळ्या मोठ्या गोष्टी त्या वीतभर उंचीवर झाल्या. खाली जमिनीवर ती भाजी, भांडी, बिलं असलं बोलायची. वर गेली की खरं बोलायची. "दिवस गेलेत मला," हेही तिनं पान्यावर उभं राहूनच सांगितलं. ह्यानं तिला दोन्ही हातांनी अशी उचलून खाली ठेवली जशी काचेची बरणी, आणि तो नट पुढं वर्षभर कुणी खोलला नाही. पंक्चर गाडी शेडमध्ये तशीच. लेक झाली, मोठी झाली, लांब नांदायला गेली, ते दुःखही एकदा तिथंच उभं राहून तिनं थोडं सांडून घेतलं.

तर असं सगळं छान चाललेलं, आणि बाईचा गुडघा गेला.

नवीन गुडघा बसवला. ऑपरेशन झालं, टाके निघाले. डॉक्टर म्हणाला चाला, फिरा, खुर्चीत बसून पाय सरळ करा, वीतभर उचला, दहा मोजा. पण चढउतार जपून. आणि पान्यावर उभं राहणं? डॉक्टरला आधी ते कळेचना. कळलं तेव्हा त्यानं चष्मा काढून ठेवला आणि नाही म्हणाला.

त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. तीन महिने! हा म्हणायचा, "ये की नुसती बसायला." ती म्हणायची, "तिथं येऊन काय करू? शोभेला?" आणि खिडकीकडे तोंड करून पाय उचलायची आणि मोजायची, एक, दोन, तीन.

गाडीचं पुढचं टायर हळूहळू बसलं. एका बाजूला कललेली ती गाडी अशी दिसायची जशी गुडघा टेकून कुणाची तरी वाट बघतेय. हा दुपारी जाऊन आत बसायचा, किल्ली न फिरवता. गाडीचं त्याला फारसं काही नव्हतं हो. गाडी विकता येते. पण बायको घरात असून तिची ती वीतभर जागा शेडमध्ये रिकामी लटकत होती, आणि ती त्याला दिसायची. ती तिथं परत यायला हवी होती, एवढंच त्याचं म्हणणं.

मग एक दिवस त्याच्या डोक्यात आलं. नट मशीननं खोलू. तिला चढायला नको, नुसतं बसायचं, बोलायचं. मारे खूश झाला आणि तिला न विचारताच हत्यारांच्या दुकानात गेला. बायकोला न विचारता, बरं का. इथंच घोळ झाला.

दुकान लांबट, अंधारं. छतापासून मशीनं टांगलेली, झोपलेल्या वटवाघळांसारखी. हत्यारवाला तरुण, पण माहितगार आणि सरळ माणूस.

"काका, हवेवर चालणारं घेऊ नका," तो म्हणाला. "त्याला कॉम्प्रेसर लागतो, घरी कशाला ती ब्याद? बॅटरीचं घ्या. घरी ड्रिल आहे का कुठलं?"

"आहे. लेकीनं पाठवलंय."

"कुठल्या कंपनीचं?" ह्यानं सांगितलं. "मग झालं काम. त्याच कंपनीचं नुसतं मशीन घ्या. बॅटरी ड्रिलची लावा, चार्जर घरचाच. निम्म्यात भागतं."

"आणि हिसका? माझ्या हाताला हिसका चालत नाही."

"तीच तर गंमत आहे काका. हे आत हातोड्यासारखं ठोकतं, टकटकटक, पण ते सगळं नटाला बसतं. तुमच्या हाताला नुसती गुणगुण." त्यानं मशीन ह्याच्या हातात दिलं आणि बटण दाबलं. घड्याळजीनं डोळे मिटले. एखादं मोठं घड्याळ तळहातात घेतल्यासारखं वाटलं त्याला.

"आता ताकद," हत्यारवाला म्हणाला. "खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका, तिथं काय वाट्टेल ते छापतात. सुलटं फिरवताना केवढा आकडा आहे ते सोडा, उलटं फिरवताना किती आहे ते विचारा. तर, तुमचे नट किती कसलेत?"

"बायकोइतके."

हत्यारवाल्यानं मान वर केली. "म्हणजे?"

ह्यानं समजावून सांगितलं. हत्यारवाला आधी हसला, मग कॅल्क्युलेटर काढला. "बरं. पाना केवढा?"

ह्यानं हात लांब करून दाखवलं, अर्धा मीटर भरेल.

"आणि काकूंचं वजन?"

"सत्तेचाळीस," घड्याळजी म्हणाला. क्षणभरही थांबला नाही.

हत्यारवाल्यानं बटणं दाबली, मान हलवली आणि खालच्या फळीवरचं लहानसं मशीन काढलं. "हे पुरतं. उगाच मोठं कशाला?" सोबत काळी गोटी दिली, म्हणजे सॉकेट हो. चकचकीत गोटी ह्या मशीनला लावायची नाही म्हणाला, फुटते आणि डोळ्यात जाते.

घरी आला. बायकोनं खोकं बघितलं, चित्र बघितलं, समजायचं ते समजली. "अस्सं. म्हणजे माझ्या जागी हे आणलं."

"अगं, तुझ्या जागी नाही, तुझ्यासाठी…"

"बोलता येतं का त्याला? नाही ना? मग बरं आहे, शांतता मिळेल तुम्हाला." आणि तोंड फिरवलं.

हा तोंडात मारल्यासारखा शेडमध्ये गेला. नटाला गोटी लावली, बटण दाबलं. टर्रर्र झालं. नट ढिम्म. पुन्हा दाबलं. नट म्हणतोय, कोण तू? गंज सोडवायचं तेल मारलं, अर्धा तास बसला, कवडसे गाडीच्या ह्या दारापासून त्या दारापर्यंत गेले. टर्रर्र, टर्रर्र. काही नाही. चारही नट दगडासारखे.

आवाज ऐकून ऐकून बाईला राहवेना. काठी टेकत ती आली आणि दारात थांबली. उंबऱ्याच्या आत नाही, बाहेरच.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?"

"फसवलं त्यानं. पुरतं म्हणाला होता, हिशोब करून दिलं."

"कसला हिशोब?"

"किती कसलेत ते विचारलं. मी म्हटलं, तू उभी राहतेस. मग त्यानं वजन विचारलं."

बाईचे डोळे बारीक झाले. "आणि काय सांगितलंत?"

"सत्तेचाळीस."

बाईनं काठी उंबऱ्यावर आपटली.

"सत्तेचाळीस?"

"मग! आपण लग्नानंतर फिरायला गेलो होतो, तू त्या नाणं टाकायच्या वजनकाट्यावर उभी राहिलीस. तिकीट आलं होतं. आहे अजून माझ्याकडे, बारीक चाकांच्या डबीत."

"अहो," ती म्हणाली, "ते तिकीट आपल्या लेकीपेक्षा जुनं आहे. मी मधे चाळीस वर्षं जेवलेय!"

हा तिच्याकडे बघत राहिला. भिंगाशिवाय. सेकंदाचा काटा केसभर चुकला तर ह्याला झोप लागायची नाही, आणि बायको डोळ्यांसमोर वाढत गेली ती दिसलीच नाही गड्याला. खोटं बोलला नव्हता तो. त्याला तेवढीच दिसत होती ती, पान्यावर, वीतभर वर, पीस.

बाई हसायला लागली. काठी हातातून सुटली तरी हसत होती. मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला. आणि उंबरा ओलांडून आत आली. तीन महिन्यांनी.

"जा, बदलून आणा. खरा आकडा सांगा."

"मी नाही सांगणार असलं काही परक्या माणसाला."

"मग मी येते."

गेली की! ऑपरेशननंतर पहिल्यांदा रस्त्यावर. हत्यारवाल्यानं काउंटरवर परत आलेलं लहान मशीन बघितलं. मग काकूंकडे बघितलं. शहाणा पोरगा, वजन विचारलंच नाही. शिडी लावली आणि वरच्या फळीवरचं मोठं मशीन काढलं.

"बरोबर बघितलंस," बाई म्हणाली. वरचे पैसेही तिनंच दिले, स्वतःच्या पिशवीतून.

तेवढ्यात हत्यारवाला घड्याळजीला म्हणाला, "पण काका, रागावू नका. एवढं कसायचंच नसतं हो! आटे खराब होतात. मशीननं खोला, पण कसायचं हातानं. काकूंनी बसून दोन हातांनी पाना ओढला की बास. आणि थोडी गाडी चालवली की पुन्हा एकदा बघायचं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. चाळीस वर्षं!

दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळजीनं आपलं दुकानातलं बुटकं स्टूल चाकाशी मांडलं. बाई बसली. ऑपरेशनचा पाय सरळ पुढं. ह्यानं मशीन नटावर धरलं, आणि बटणावर बोट तिचं.

"दाबू?"

"ये गं," हा म्हणाला. सवयच ती.

तिनं बटण दाबलं, आणि काय आठवलं कोण जाणे, तो पाय उचलला. सरळ, जमिनीपासून वीतभर. टकटकटकटक चाललंय, नट अडलाय, पाय हवेत, कवडसे नव्या गुडघ्यावरून सरकतायत. ती मोजत नव्हती. ती बोलत होती.

"मला वाटलं होतं," ती म्हणाली, "आता तुम्हाला माझा काही उपयोग नाही."

आत खोल 'कर्र' झालं. पाय हळूहळू खाली आला.

घड्याळजीनं गरम नट फुंकर मारून तिच्या पदरात ठेवला. मग त्यानं दुसरा नट दाखवला. तिनं पुन्हा पाय उचलला. चार नटांना पाऊण तास लागला त्यांना. मशीनला म्हणाल तर चार सेकंदांचं काम.

पंक्चर काढून चाक बसवलं तेव्हा शेवटचं कसणं तिनं केलं, स्टुलावर बसून, दोन हातांनी. आणि गाडी पुढं निघाली.

तर तुम्ही घ्याल ते मशीन पारखून घ्या, आणि ते नट आधी कुणी कसलेत ते आठवून घ्या. दुकान मी दाखवतो तुम्हाला, चला. फक्त एक विनंती आहे. बाईच्या वजनाचा तो खरा आकडा तेवढा त्या पोराला विचारू नका, आणि मलाही नको.