बाबांची लांब रेघ

शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात आठवडाभर गिऱ्हाइकांची मशिनं धूळ खात पडली होती. मालकीणबाई आपल्या बाबांसाठी मोर्सची नवी की, म्हणजे टिंब-रेघांनी रेडिओवर निरोप पाठवायचा खटका, बनवण्यात बुडाल्या होत्या.

बाबांचं मनगट आखडलं होतं. जुनी की वरून खाली दाबायची, आणि एक टिंब दाबलं की कळ थेट खांद्यात जायची. त्यामुळे पाच रविवार ते रेडिओवर मुके होते. तिकडून कप्तान, म्हणजे त्यांचा तीस वर्षांचा, एकदाही न भेटलेला रेडिओमित्र, दर रविवारी दहाला हाका मारायचा. बाबा नुसते ऐकायचे. दोघांचा करार होता: सहा रविवार जो गप्प राहील तो गेला समजायचं आणि दुसऱ्याने सेट विकून टाकायचा. फोन नंबर घेतलेला नव्हता. त्यात कसली आलीय मजा! हट्टी म्हातारे, दुसरं काय.

आज सहावा रविवार.

"बघा तरी!" तिने टेबलावर की ठेवली. जुन्या इस्त्रीचा जड तळ, त्यावर करवतीची दोन पाती, टोकांना कोटाची बटणं. बोटं आडवी हलवली की झालं. अंगठ्याने टिंबं, तर्जनीने रेघा. आणि मोजून-मापून एकसारखी टिंबं-रेघा काढणारी एक डबीही तिने जोडली होती. स्वतःवर जाम खूश होती ती.

बाबांनी कप्तानला साद घातली. एकही टिंब वाकडं नाही! लेकीने उडीच मारली.

उत्तर आलं. लहानपणीच मोर्स शिकलेली ती अक्षरं टिपू लागली आणि तिचा चेहरा पडला. 'कोण आहे? हा हात त्याचा नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने थट्टा करू नका.'

"अहो, मीच आहे!" बाबा रेडिओकडे बघून ओरडले. बिनमाइकच्या रेडिओला काय ऐकू येणार, कपाळ!

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मशीनची शिलाई सगळ्यांची सारखीच. ओळखू येते ती हातशिलाई! आणि तिने बाबांचा हातच डबीत कोंडला होता.

"डबी काढते. टिंब किती, रेघ किती, तुमचं तुम्ही ठरवा."

"अगं, तो बंद करेल!"

"एकच मिनिट!" दोन्ही पात्यांच्या तारा तिने दातांनी सोलून एकत्र पिळल्या आणि रेडिओत जुन्या कीच्या जागी खुपसल्या.

बाबांनी बटणाला बोट लावलं. टिंबं अडखळली, रेघा वेड्यावाकड्या पडल्या, आणि नावाची शेवटची रेघ नेहमीसारखी लांबच लांब ताणली गेली. या खोडीवरून ती त्यांना जन्मभर चिडवत आली होती.

तिने पेन्सिल उचलून रेडिओला कान लावला.

मग कप्तानची टिंबं धडाधड कोसळू लागली. 'लांब रेघवाल्या! जिवंत आहेस! सेट बघायला गिऱ्हाईक आलंय, समोर बसलंय.'

बाबा हसत होते आणि बाहीने नाक पुसत होते.

"अहो, उत्तर द्या ना!"

"दम धर," ते म्हणाले, "आधी त्याला गिऱ्हाईक हाकलू दे."