मैनाच्या हातावरचा डाग

सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीत मला चुलीतून लालभडक काढलं आणि मैनाच्या डाव्या हातावर दाबलं. कातडी चरचरली. मित्रांनो, मी एक जुना विळा आहे आणि तो डाग माझ्याच पात्याचा आहे.

मी मूळचा ट्रकच्या पाट्याचं लोखंड. लोहाराने मला भात्यावर तापवलं, घणाखाली ठेचलं, पुन्हा तापवून पाण्यात बुडवलं. त्या पाण्यामुळे माझी धार टिकली. मैना लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिच्याच हातात होतो. भातकापणीत तिच्या पुढे कुणी जात नसे. सासू आनंदीबाई शेजारणींना सांगायची की आमच्या मैनेच्या विळ्याला दम लागत नाही. त्या कौतुकावर मी कित्येक हंगाम काढले.

मग मैनाच्या छातीत गाठ निघाली. मुंबईत ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली आणि मी गोठ्याच्या कुडात खोचलेला गंजत राहिलो. प्रत्येक डोसनंतर ती घरी येई आणि पडवीत बादलीवर वाकून रिकाम्या पोटी ओकत राही. केस मुठीमुठीने उशीवर उतरले. तोंड आतून असं सोललं की पेजही झोंबायची. सुई लागायची त्या हाताची शीर कोपरापासून मनगटापर्यंत काळी, दोरीसारखी ताठ झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की या दिवसांत साधी जखमही चिघळेल, आणि जखम चिघळली तर पुढचा डोस थांबेल. शेवटचे दोन डोस उरले होते.

आनंदीबाईला ती काळी शीर बघवत नव्हती. तिचा धाकटा मुलगा हैबती लहानपणी काविळीने मरायला टेकला होता. पोटावर तापल्या विळ्याचा डाग दिला म्हणून तो जगला, अशी तिची खात्री होती. हैबतीचीही होती. शीर जाळली की विष उतरेल, असं दोघांनी ठरवलं. मैनाचा नवरा मुंबईला कामावर होता. त्याला कुणी विचारलं नाही.

सोमवारी हैबतीने मला कुडातून उपसून चुलीत खुपसलं. मैनाने ते पाहिलं आणि ती समजली.

"भाऊजी, तुमची कावीळ होती, माझा कॅन्सर हाय. दोन्ही एकाच तव्यावर भाजू नका."

"तवा नाय वहिनी, विळा हाय," हैबती हसून म्हणाला.

मग त्याने तिला खाली पाडलं आणि ऑपरेशनच्या बाजूलाच गुडघा रोवला. आनंदीबाई रडत होती. "एकच गो मैना, माझ्यासाठी एकच," म्हणत तिने मला शिरेवर दाबलं.

मैनाने सासूच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. माझी मूठ सुटली आणि मैनाच्या उजव्या हातात आली. पुढचा वार तिचा होता. हैबतीचा तळवा अंगठ्यापासून मनगटापर्यंत उलला. त्याचं रक्त माझ्यावर पडलं आणि तिथेच करपलं.

"आता कुणाला धरायचं हाय?" मैनाने विचारलं.

मला हातात घेऊनच ती हायवेपर्यंत चालत गेली. एका टेम्पोवाल्याने आधी मला पाहिलं, मग तिचा हात, आणि तिला महाडच्या दवाखान्यात सोडलं.

आता मी तिच्या माहेरी, पाचाडला, तिच्या खाटेखाली आहे. लाल होऊन आपोआप थंड झालेल्या लोखंडाचं पाणी उतरतं. माझी धार आता गवतावरही दुमडते. हैबतीच्या तळव्याला टाके पडलेत, बोटं मिटत नाहीत. आनंदीबाईने निरोप पाठवला की डाग आधीच द्यायला हवा होता.

मित्रांनो, आम्हा विळ्यांना कापायला भात द्या, गवत द्या. आजारी माणसाच्या अंगाला आम्हाला लावू नका. त्याने एकदा कुणी वाचलं असं कुणी सांगितलं, तरी लावू नका.

डाग चिघळला, मैनाला ताप भरला आणि ठरलेला डोस पुढे ढकलला गेला. ताप काल उतरला. आज सकाळी तिने महाडला रक्त तपासायला दिलं. पांढऱ्या पेशी वाढल्या असतील तर डोस मिळेल. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट आलेला नाही.