दुखण्यातून उठणं

काचेच्या दारातून डॉक्टर बाहेर आले, तशा सासूबाई बाकावरून उठल्या. आत सासरे बेशुद्ध पडून होते. डॉक्टरांना मराठी येत नव्हती आणि सासूबाईंना इंग्रजी. मध्ये उभी होती सून, कडेवर पेंगुळलेलं लेकरू घेऊन.

"आय अ‍ॅम अफ्रेड, ही मे नॉट पुल थ्रू," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले आणि पुढच्या खोलीकडे वळले.

"काय म्हणाले गं?"

बाळ होईपर्यंत सून क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. 'पुल थ्रू' म्हणजे जिवावरच्या दुखण्यातून उठणं, असं तिनं कितीदा तरी फळ्यावर लिहिलं होतं. "सर्दीपडशाला वापरायचं नाही हं," ती बजावायची, "माणूस हातचा जाईल अशी धास्ती असते ना, तिथेच." मुलं हसायची. आज सासूबाईंचे डोळे तिच्या ओठांवर खिळले होते.

"बरं वाटेल म्हणाले," तिच्या तोंडून निघून गेलं. "थोडा वेळ लागेल."

"बघ! मी म्हणत नव्हते? चिवट हाड आहे ते. शुद्धीवर येऊन नर्सबाईंशी भांडले, की घरी न्यायचे!" सासूबाईंनी लगेच लेकीला फोन लावला. "अगं, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. बाबा सुधारतायत. रजा कशाला वाया घालवतेस? रविवारी ये सावकाश. मीही आता घरी जाऊन जरा पडते."

रविवार कुणी पाहिलाय? सुनेनं लेकरू सासूबाईंकडे दिलं आणि फोन घेतला.

"वन्सं, मिळेल त्या गाडीनं आजच निघा. बाबा यातून उठतील असं डॉक्टरांना वाटत नाही. मघाशी मी आईंना खोटं सांगितलं."

"निघतेच," पलीकडून आवाज आला.

सासूबाई नातवाला थोपटत होत्या. हात तेवढा थांबला. सून बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिली.

"मी झोपायला निघाले होते गं," एवढंच त्या म्हणाल्या. लेकरू तिच्याकडे परत देत पुन्हा बोलल्या, "आत सोडतील का, विचार. आणि काय म्हणतील ते सगळं सांग मला. गाळू नकोस."

सून विचारायला वळली, तोवर सासूबाईंनी चपला काढून बाकाखाली सरकवल्या होत्या.